काजळलेले प्लग

"चारही प्लग महागातलेच टाक. लिटरमागे चार किलोमीटर वाढतात म्हणे," ड्रायव्हरसाहेबांनी फर्मान सोडलं.

मिस्त्रीनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे कळू न देता त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं.

साहेबांनी पस्तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्तीनंतर ही छोटी गाडी घेतली, पण तिच्या स्टिअरिंगवर घरातल्या कुणाची सावलीही पडू दिली नाही. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात-पाय नावापुरते उरले. परगावचा मुलगा फोनवर एकच टुमणं लावून बसला होता, "बाबा, घरात चालवणारं कोणी नाही. त्यात ती पेट्रोल पिते. रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाका." पहिल्या मुद्द्याला साहेबांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते दुसऱ्याच्या हात धुऊन मागे लागले होते. ॲव्हरेज सुधारलं तर गाडी ठेवायला निदान एक सबब मिळेल. गाडी गेली की आपण खिडकीतली कुंडी होणार, याची त्यांना फार भीती वाटत होती.

बॅटरी उतरू नये म्हणून बायकोचा भाचा रोज सकाळी गाडी फिरवून आणायचा. आजही दोघांना इथं सोडून तो कामावर गेला होता. बायको बाकावर बसून पर्सचा पट्टा पिळत होती.

मिस्त्रीनं एक प्लग काढून उजेडात धरला. टोकावर काळी काजळी जमली होती.

"बघ! प्लगच खराब," साहेब म्हणाले.

"प्लग बिचारे ठणठणीत आहेत, साहेब. इंजिन तापतच नाही. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. सोन्याचे प्लग टाका, महिन्यात असेच काळे होतील. क्लचही करपत आलाय."

साहेब बायकोवर भडकले. "तुझा भाचा! लायसन्स काढून दहा वर्षं झाली, आणि गाढवाला अजून..."

"त्याला बोल लावू नका," बायको म्हणाली. "तो नुसता शेजारी बसतो."

मिस्त्रीचा पाना हातातच राहिला.

"दोन महिने झाले. मागच्या मैदानात. शिकाऊ लायसन्सही काढलंय मी. पहिला पडतो, दुसरा पडतो, तिसऱ्याला धीर होत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर हात लावू दिला असतात?"

साहेबांना राग आणायचा होता, पण आला तो हुंदका. तो त्यांनी खोकल्यात घालवला.

"जुनेच प्लग घासून बसव," ते मिस्त्रीला म्हणाले. "आणि अगं, रविवारच्या माणसाला नको म्हणून पोराला कळव."

काठी टेकत ते सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेले. दाराशी थबकले. मग बॉनेटला हात लावत गाडीला वळसा घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून पलीकडचं दार उघडून आत बसले.

"चल. तिसरा पडल्याशिवाय घराकडे वळायचं नाही."