मशीनची जागा

"आणि मशीन कुठे बसेल?" सुनेने चपला काढायच्या आधीच विचारलं.

शिंपी नातीचा हात धरून मागेच उभा होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान टवकारलेच. तीन रविवारांतलं हे तिसरं गाव आणि चौथं घर, आणि प्रत्येक घरात सुनेचा पहिला प्रश्न हाच.

"मागे बंद गॅलरी आहे ना," दलाल म्हणाला. "स्टेशन पाच मिनिटांवर. तिथून शहर पाऊण तास."

दलालाचा पाऊण तास म्हणजे लग्नाळू मुलाचं वय. दोन-चार कमीच सांगायची पद्धत. शिंप्याने येताना घड्याळ लावलं होतं. एक तास बारा मिनिटं.

"रोज सव्वा तास जायला, सव्वा तास यायला," मुलगा म्हणाला. तो शहरातल्या एका कचेरीत कारकून होता. "पण तीन खोल्या मिळतायत. शहराजवळ एवढ्या पैशांत आपल्याला खुराडं मिळेल."

आपल्याला, म्हणाला तो. शिंप्याला बरं वाटलं.

तसं अजून त्याला कोणी 'बाबा, तुम्हीही चला' म्हटलं नव्हतं. 'तुम्ही इथेच राहा' असंही नाही. विचारायचा धीर त्याला होत नव्हता. विचारलं की उत्तर येतं, आणि एकदा आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही.

चार वर्षांपूर्वी चिमणी, म्हणजे ही नात, जन्मली तेव्हा भाड्याच्या दोन खोल्या अपुऱ्या पडल्या. शिंपी आपण होऊन दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायला गेला. "माझं काय, मी दुकानात राजा," असं तेव्हा म्हणाला आणि पुढेही तेच म्हणत राहिला. हा राजा एका माणसाचं जेवण रांधायचा आणि त्यातलंही अर्धं उरायचं. बोलायला कोणी मिळावं म्हणून एकेका गिऱ्हाइकाला मापासाठी दोन-दोनदा बोलवायचा. बायको गेल्यापासून त्याला कोणी 'जेवलात का?' असं विचारलं नव्हतं. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

आणि आता दुसरं बाळ येणार होतं. सुनेला सातवा महिना लागला होता. त्या दोन खोल्या सोडून दूरच्या एखाद्या स्वस्त गावात मोठं घर घ्यायचं ठरलं, आणि बघायला चला म्हणून शिंप्यालाही बोलावलं.

"बाबा, टेप आहे ना? जरा माप घ्या," सून गॅलरीतून म्हणाली.

टेप नसेल तर तो शिंपी कसला! त्याने गळ्यातून टेप काढली. "सव्वीस इंच."

"पुरे की. मशीनला दोन फूट पुष्कळ झाले."

पोरीला काही कळत नाही, शिंप्याने मनात म्हटलं. टेबल धरून तीन फूट लागतात. पण गॅलरीत उजेड इतका छान होता, की काळ्या कापडावर काळा दोराही दिसावा. त्याने टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

"फरशी सपाट आहे. हलणार नाही जास्त," सून म्हणाली. "आवाज मात्र होणारच. बाळाला निजवायच्या खोलीपासून लांब आहे, ते एक बरं झालं."

केवढा विचार करते! आपण हळू चालवू, बाळ झोपलं की हातशिलाई करू, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात घर पक्कं झालं.

दुकानाशेजारचा न्हावी दोन वर्षं त्याच्या जागेसाठी मागे लागला होता. मंगळवारी शिंप्याने स्वतःच त्याला हाक मारली.

"घे बाबा जागा. मी मुलाकडे चाललो."

"नक्की? त्यांनी बोलावलंय?"

"बोलावलंय म्हणजे काय! सून आधी माझ्या मशीनची जागा बघते, मग स्वयंपाकघर."

"नशीब काढलंस लेका!" न्हावी म्हणाला. "माझी सून मला माझी खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा विचारत नाही."

गुरुवारपर्यंत न्हाव्याने मधली भिंत पाडली, शिंप्याची पाटी उतरवली आणि पोटमाळाही काढून टाकला. शिंपी महिनाअखेरपर्यंत न्हाव्याच्याच बाकावर झोपणार होता. शुक्रवारी त्याने करवत मागून आणली आणि मशीनच्या टेबलाची फळी बाराएक इंच कापली. तीस वर्षांची फळी, कापताना जीव तुटला. पण माप म्हणजे माप. घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. एकदम सांगून सगळ्यांना चकित करायचं होतं.

रविवारी सगळे किल्ली घेऊन नव्या घरी आले. चिमणी रिकाम्या खोल्यांतून धावत सुटली. मुलगा टेम्पोत काय काय चढवायचं त्याची यादी करत होता.

"माझं मशीन शेवटी चढवा रे," शिंपी म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "म्हणजे इथे पहिलं उतरेल. फळी कापून दोन फुटांचं केलंय. गॅलरीत अगदी फिट्ट बसतं."

 सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने यादीतून डोकं वर काढलं नाही.

"अगंबाई! बाबा, मी कपडे धुवायच्या मशीनचं म्हणत होते हो," ती हसत म्हणाली. "तुम्ही दुकान सोडून थोडेच येणार, एवढं काय आम्हाला कळत नाही?"