बघू या

सुरक्षा अधिकारी वृंदा मोहितेने तिसऱ्यांदा टाइप केलं, "बॉयलरला तडा गेलाय. सुरू करायचा नाही." कंपनीच्या सौजन्य-प्रणालीने ते वाक्य गिळलं आणि ढवळे साहेबांना मेल गेला: "बॉयलरबद्दल एक छोटीशी सूचना होती. सवडीने बघू या." लगेच उत्तर आलं: "धन्यवाद! दुपारी सुरू करतोय."

"मेल्या, 'नाही'चं 'बघू या' करतोस?" ती स्क्रीनवर खेकसली. "खाली माणसं आहेत!"

ती तणतणत ढवळे साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, बॉयलर फुटेल! सुरू करायचा नाही म्हणजे नाही!"

तरुण साहेबांच्या कानातलं यंत्र लुकलुकलं. तिथेही तसलीच प्रणाली होती, ते शाळेत असल्यापासून बसवलेली. साहेब प्रसन्न हसले. "हो मॅडम, सवडीने बघू या."

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टेबलावरून वाकून ते यंत्र त्यांच्या कानातून उपटलं आणि फरशीवर आपटलं.

"नाही!"

"नाही म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

ते दरडावत नव्हते. त्यांना तो शब्दच कळला नव्हता.