पलंगाखालची नोट

कामाच्या मावशींनी पगार वाढवून मागितला आणि वहिनींचं डोकंच फिरलं. घरखर्चाच्या हिशोबात झाडू-फरशीचा आकडा आधीच त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. त्यांनी गुपचूप पलंगाखाली शंभराची एक नोट सारली. मावशींनी उचलली की चोर म्हणून हाकलायचं, सुंठीवाचून खोकला जाईल!

आठ दिवस झाले तरी नोट जागची हलली नाही. पण हार मानतील त्या वहिनी कसल्या!

"मावशी, आठ दिवस नोट तिथेच पडलीय. म्हणजे पलंगाखाली तुमचा झाडू फिरतच नाही. वाढ कसली मागता? उलट दोनशे कापणार आहे मी!"

मावशींनी हातातलं फडकं बादलीत टाकलं, वाकून नोट काढली आणि वहिनींच्या हातावर ठेवली.

"रोज उचलते, खालून पुसते, परत तिथेच ठेवते. पलंगाखाली बोट फिरवून बघा, धूळ लागते का."

वहिनींनी खरंच बोट फिरवलं. लख्ख!

 

"आणि वहिनी, उंदराच्या सापळ्यालासुद्धा लोक धड तुकडा लावतात. तुम्ही कुठेही न चालणारी फाटकी नोट लावलीत!"