टपावरचं कॅरियर

देवगाव फाट्यावरचा रंगारी गोपीचंद सकाळीच सेलूच्या शाळेत हेडमास्तरांशी भांडून आला होता. पोराच्या नव्या पँटला रोज मागून काळे पट्टे पडायचे, अन् पोरगं म्हणायचं, "बाकाचा रंग लागायलाय."

डोकं थंड व्हायच्या आतच फाट्यावरून सेलूला प्रवासी नेणाऱ्या बजरंगनं जीप दुकानापुढं आणून लावली. "गोप्या, कसला रंग मारला रे कॅरियरला? वर्षात भुकटी निघायली! आता पावडर कोटिंगच करून दे, भट्टीत भाजलेलं. धा वर्सं रंग लागाया नको कुणाला."

"टपावरचा रंग कुणाला लागतोय?"

"शाळेची पोरं बसतात की वर! पँटी काळ्या झाल्या तर मायबाप माझ्या नावानं शिमगा करतील."

"मग आत बसव की."

"आत पोरं कोंबली तर शिटा कुठं घालू?"

गोपीचंदनं वर पाहिलं. काळ्या पट्ट्या, मधे चार चार बोटांचं अंतर. पोराच्या पँटवर होतं तेवढंच.

"थांब, असा इलाज करतो की जन्मात गंजणार न्हाई," म्हणत त्यानं ग्राइंडरला लोखंड कापायचं चाक लावलं अन् टपावर चढला.