राहण्याचा पत्ता

"हे काय लिहिलंय तुम्ही?" काचेपलीकडच्या मुलीने फॉर्म फिरवून त्याच्यापुढे धरला. "राहण्याचा पत्ता : जहाज, खालचा मजला, खोली नंबर चार?"

"तिथेच राहतो, ताई. नऊ महिने झाले. आचारी आहे मी जहाजावर."

त्याने अगदी खरं लिहिलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

लेकीचं लग्न बारा तारखेला होतं, ती नोकरी करते त्या परक्या शहरात. रजा मंजूर झाली होती, नवा सदरा घडी घालून पिशवीत ठेवला होता. तिथला पर्यटक व्हिसा तेवढा हवा होता. तो या बंदरात घ्यायचा आणि इथूनच विमानात बसायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

"काका, तुम्ही राहता त्या देशातूनच अर्ज करावा लागतो. इथे राहत असल्याचा काही कागद?"

"इथे जहाज कालच लागलंय."

"मग तुमच्या देशात करा."

"तिथे फोन केला होता. म्हणाले, अर्ज देताना माणूस देशात हजर पाहिजे, आणि पहिली तारीख दीड महिन्यानंतरची. तोवर लेक माझी संसाराला लागलेली असेल!"

मुलीने मागच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब खुर्चीतून न हलता म्हणाले, "जहाजावर झेंडा कुठला आहे? त्या देशात जा म्हणावं."

आचाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता, तो देश त्यानेच काय, कॅप्टननेही कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"साहेब, झेंड्यात कोणी राहतं का? चोवीस माणसांना तीन वेळा रांधून घालतो मी. अर्धं जग फिरलो, आणि राहतो म्हणायला एक देश नाही?"

"काका, आवाज खाली," मुलगी म्हणाली. मग फॉर्म परत सरकवताना हळूच पुटपुटली, "मला वाईट वाटतंय हो. पण हा रकाना असा चालत नाही."

बाहेर पायऱ्यांवर त्याने फॉर्म टराटरा फाडला. शिपायाने डोळे वटारले, तेव्हा तुकडे निमूट गोळा करून खिशात कोंबले. राग काढायला समोर कोणीच नव्हतं, त्यामुळे रडूच यायला लागलं. त्याने आधी कॅप्टनला फोन लावला : रजा रद्द करा, मी परत चढतोय. बदली आचारी अजून मिळाला नव्हता, कॅप्टन एका पायावर तयार झाला. मग त्याने लेकीला लावला.

"बाबा, मिळाला?"

"नाही. पण अकरा ते तेरा आमचं जहाज तुमच्याच बंदरात आहे."

"म्हणजे येताय!"

"व्हिसाशिवाय आम्हाला शहरात सोडत नाहीत गं. बंदराच्या गेटपर्यंत येईन, आतल्या बाजूने. लग्न लागलं की तुम्ही दोघं तिकडे या."



"गेट किती वाजता उघडतं, बाबा?"

"उघडत नाही, बाळा. पण जाळीचं आहे. सगळं दिसतं."