अकराव्या नावाची जागा

दहा नावांवर कुणी हरकत घेतली नाही. अकराव्यापाशी बैठक अडली.

"राघोबा टाळकरी," नरसिंग मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"मेल्याचं कुणी बघितलंय का?" अध्यक्ष वीरण्णा म्हणाले. "उद्या दारात येऊन उभा राहिला तर? दगडावरचं कसं खोडायचं?"

"तीस वर्षं आला न्हाई, अण्णा."

"मग त्याच्या आईला तुम्हीच विचारा. मी त्या म्हातारीपुढं जात न्हाई. तिची केरसुणी अजून ध्यानात हाय माझ्या."

हुलसूरकडच्या त्या गावात इतिहास मंडळ निघून तीन वर्षं झाली होती. मंडळींनी ओढ्याकाठचे वीरगळ घासून धुतले, देवळाच्या पायरीवरच्या लेखाचे ठसे घेतले. आता अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड मारुतीच्या पारासमोर उभा करायचा होता.

राघोबा कीर्तनात टाळ धरायचा. त्याच्या टाळाला असा गोडवा की बुवा अभंग थांबवून त्याच्याकडं बघत राहायचे. त्या भादव्यात तो गावाच्या राखणीला गेला आणि परतला नाही. प्रेतही मिळालं नाही. बारा वर्षं सरल्यावर भावकी जमली. दर्भाचा पुतळा करून दहन करू, सुनेचं कुंकू पुसू, म्हणाली. राघोबाच्या आईनं, कोंडाबाईनं, केरसुणी उचलली आणि सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं.

"माझा ल्योक जित्ता हाय! त्याच्या बायकोच्या चुड्याला हात लावून तर बघा!"

तेव्हापासून विषय बंद. दर संक्रांतीला कोंडाबाई कासाराला बोलावी आणि सुनेला हिरवा चुडा भरवी. मोतीबिंदूनं डोळे गेले, तरी सुनेची मनगटं चाचपून बघी. रोज लेकाच्या नावानं एक भाकरी झाकून ठेवी.

मास्तर दुपारी गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती.

"दगड लावायलात म्हनं, मास्तर?"

"व्हय, काकू."

"माझ्या राघूचं नाव घालू नका. जित्या माणसाचं नाव दगडावर कामून?"

आत जातं फिरत होतं. घरघरीसोबत बांगड्या किणकिणत होत्या. म्हातारीनं तिकडं कान केला. "ऐकलाव? माझी नागू दळायलीय. टाळावानी वाजतंय न्हवं?"

मास्तरांनी तिला नमस्कार केला. ते निघाले. गल्लीच्या वळणावर सुनेनं, नागूबाईनं, त्यांना गाठलं. पिठानं पांढरे झालेले हात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं पदराआडून पितळेचा एक टाळ काढला. एकच. त्याची दोरी तुटलेली होती.

"ते न्हाईत, मास्तर. मी डोळ्यानं बघितलंय. वड्यापल्याड जोंधळ्यात पडले होते. जीव गेला होता. कुनाला तरी आनावं म्हनून पळत आले, तर गाव रिकामं. माणसं हुडकत फिरले, सांजच्याला परत गेले, तर जागेवर काहीच न्हाई. एवढा टाळ घावला."

"मग घरी सांगितलं का न्हाई, वहिनी?"

"सांगायलाच आले होते. बघते तर आत्याबाई चुलीपुढं. वल्लं लुगडं अंगाला चिकटलेलं, आन भाकरी थापायल्या. 'झाकून ठिव,' म्हनल्या, 'राघू येईल.' माझं तोंड उघडलंच न्हाई." तिनं कपाळाला हात लावला. "रोज हे लावताना देवाला म्हनते, माफ कर. पन ह्या बांगड्या थांबल्या तर त्या माउलीचा जीव थांबंल. नाव घालू नका. जागा तेवढी सोडा. त्या गेल्यावर लिवा."

मास्तरांनी टाळ घेतला आणि झोळीत ठेवला. मंडळात त्यांनी एवढंच सांगितलं की दहाच नावं कोरायची, खाली एका नावाची जागा मोकळी ठेवायची. वीरण्णांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि मान हलवली.

दगड उभा राहिला त्या दिवशी पारावर कीर्तन झालं. कृष्ण मथुरेला गेला आणि यशोदा दाराशी थांबली, एवढंच आख्यान. बुवांचा आवाज भरून आला तशा बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. नागूबाई हुंदके देत होती. कोंडाबाईचे डोळे मात्र कोरडे होते. ती मांडीवर बोटांनी ठेका धरत होती, एकदाही न चुकता.

मग दहा नावं वाचली गेली. प्रत्येक नावाला लोकांनी हात जोडले. गर्दी पांगली तशी म्हातारीनं हाक मारली, "मास्तर, मला दगडापाशी न्या."

तिनं कोरलेल्या ओळींवरून बोटं फिरवली. वरून खाली, सावकाश. दहावी ओळ संपली आणि बोटं गुळगुळीत जागेवर थांबली.

"हितं काय हाय?"

"काही न्हाई, काकू. जागा उरलीय."

"उरली न्हाई. ठिवलीय." मग हळूच, "नागू जवळ हाय का?"

"परसाद आणायला गेलीय."

कोंडाबाईनं कमरेची चंची सोडली. आतून हिरवा पडलेला पितळेचा एक टाळ निघाला. एकच. तो तिनं मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली.

"तिला कळू देऊ नका. सोळा वर्साची होती हो, आन भावकी चुडा फोडायला टपलेली. अजून बिचारी आशेवर जगायलीय. मी गेल्यावर लिवा त्याचं नाव."

पाराच्या पलीकडून बांगड्यांचा आवाज जवळ येऊ लागला. म्हातारीनं घाईनं आवाज खाली आणला.

"ह्या हातांनी त्याला मातीआड केला, वड्यात आंघूळ केली, आन वल्ल्या लुगड्यानंच घरी येऊन भाकरी थापायला बसले."