तारलीचे काटे

बकुळा मागल्या दारी तारलीचे मासे साफ करत बसली होती. आरोग्य केंद्रातल्या आशा कार्यकर्त्या मनिषाताई आल्या आणि त्यांनी गोळ्यांचं पाकीट पायरीवर ठेवलं.

"हे शेवटचं हो, मावशी. संपलं की सुटलात."

"मागल्या खेपेला पण सुटलेच होते गो," बकुळा म्हणाली. "बरी झालीस म्हणाले. ही योगू तेव्हा एवढीशी होती. म्हातारपणी उलटलाच ना महारोग?"

"तेव्हा एकच गोळी द्यायचे. आता तीन औषधं एकदम देतात. असं उलटणं फार कमी झालंय. आणि लागण तर तुम्ही गोळ्या सुरू केल्यात तेव्हाच थांबली. अजून ताट वेगळं कशाला?"

बकुळा हसली. गोळ्यांनी काळवंडलेल्या चेहऱ्यावर दात पांढरेशुभ्र दिसले. "ते पण मागल्या खेपेला सांगितलेलं. या वेळेला पाकीट संपू दे, मग बघू."

मनिषाताई गेल्या. योगिनी दारात उभी होती. आईच्या बोटातून रक्त येत होतं. कल्ल्याची धार लागली असावी. आईला पत्ता नव्हता. योगिनीने तिचा हात तांब्यातल्या पाण्याने धुतला आणि चिंधी बांधली.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. योगिनी चुलीजवळ, बकुळा मागच्या दाराशी, जर्मनचं जुनं ताट मांडीवर घेऊन. आईच्या तारल्यांचे काटे योगिनीच काढून द्यायची. बकुळा तिच्या बोटांकडे बघत राहायची. कुठला काटा कसा सापडतो ते.

"पाकीट संपलं की एका ताटात जेवू," बकुळा एकाएकी म्हणाली. "पण भरवायला सांगू नको हां. माज्या बोटांना काटा कळत नाय. तुझ्या घशात जायचा."

"मी काय आता लहान आहे?" योगिनी म्हणाली. दोघी हसल्या. योगिनीने मान खाली घालून आणखी एक तारली सोलायला घेतली.

सकाळी बकुळा उठली नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांचा काही संबंध नव्हता. पाकिटातली गोळ्यांची पहिलीच खळी तेवढी फुटलेली होती.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. योगिनीचा भाऊ सुजय अजून हात जोडून मागे सरलाही नव्हता, तोवर तो पिंडावर बसला होता. लोक अजून काही बोलले नव्हते. अशा वेळी कावळा शिवेना तर घरचं माणूस पुढे होऊन गेलेल्याची इच्छा पुरवण्याचा शब्द देतं. योगिनी पुढे होण्यासाठी पदर सावरत होती. तिची वेळच आली नाही.

"काही राहिलं नव्हतं हो तिचं," शेजारच्या काशीकाकू समाधानाने म्हणाल्या.

तेराव्यानंतर सुजय मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी योगिनीने बंदरावरून तारल्या आणल्या. कोळीण म्हणाली, "एकटीला एवढ्या?" तिने पिशवी पुढे केली.

दुपारी तिने फळीवरचं जर्मनचं ताट काढलं. भात वाढला, त्यावर कालवण. ताट घेऊन ती मागच्या दाराशी, आईच्या जागेवर बसली. तारल्या अख्ख्याच होत्या. काटे काढायला तिचा हात पुढे झाला आणि थांबला. बाहेर पायरीवर ऊन होतं. मांजरसुद्धा नव्हतं.

"काटा आला तरी चालेल गं आई," ती मोठ्याने म्हणाली. "तू भरव."